घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या गच्च्या एकमेकींना अशा खेटून आहेत की मे महिन्यात लाईट गेली आणि सगळी गल्ली वर झोपायला आली, की अंधारात माणूस दिसला नाही तरी घोरण्यावरून ओळखू येतो. इथला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत माझ्या काकांचं घोरणं सगळ्यांच्या ओळखीचं. पलीकडच्या गच्चीवरचे मास्टरजी सकाळी दात घासता घासता हाक मारायचे, "भाईसाहब, कल रात का विलंबित तो कमाल था!" काका हौशी तबलजी, त्यामुळे त्यांना ती दादच वाटायची.

काकूला त्या घोरण्याचं काही नव्हतं. मागच्या दिवाळीच्या आधी तिला मदत करायला गेले होते. चकल्या तळता तळता ती म्हणाली, "घोरतात त्याचं काय, चाळीस वर्षं ऐकतेय. पण हल्ली मध्येच थांबून राहिलेत गं. अगदी गप्प. मग मी पडल्या पडल्या बोटांवर तीनताल मोजते. परवा दोन आवर्तनं झाली तरी समेवर येईनात. हलवलं तेव्हा कुठे दचकून श्वास घेतला."

तीनतालाच्या १६ मात्रा. सेकंदाला एक धरली तर दोन आवर्तनं म्हणजे ३२ सेकंद. मी २५ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, आणि हातात झारा धरून काकूनं जे सांगितलं ते जवळजवळ पुरं निदान होतं. त्याच घरात फ्रीजवरच्या डब्यात काकांच्या बीपीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या होत्या. तिन्ही नेमानं घेऊनही वरचं बीपी १६०च्या खाली उतरत नव्हतं. गळ्यातून येणारा आवाज आणि डब्यातल्या गोळ्या यांचं काही नातं असेल, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्याही नाही. त्यांनी मीठ विचारलं, चालणं विचारलं, रात्र विचारली नाही.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत हा शब्द चार दिवस फिरला आणि मग विसरला गेला. ॲप्निया म्हणजे श्वास नसणं. झोपेत श्वास १० सेकंद किंवा जास्त बंद राहिला की तो एक प्रसंग मोजायचा. पुरता बंद न पडता श्वास बराच उथळ झाला आणि त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तोही मोजायचा. तासाला असे सरासरी किती प्रसंग होतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यापुढे तीव्र. धडधाकट माणसाचाही श्वास रात्रीतून एखाद-दुसऱ्या वेळी अडतो, त्याला आजार म्हणत नाहीत.

श्वास का अडतो, ते बघू. नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घशाचा तुकडा, टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा, तेवढाच नुसत्या मांसाचा. तसा असणं भागच आहे, कारण याच जागेतून घास खाली जायचा असतो आणि याच जागेत बोलणं घडायचं असतं. जागेपणी तिथले स्नायू ती नळी उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात. गळ्याभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा माणूस उताणा झोपून जीभ मागे पडली असेल, तर आधीच अरुंद झालेली वाट श्वास आत ओढताना आणखी चपटी होते. कागदी स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढून बघा. जोर लावावा तशी नळीच मिटते. घोरणं हा त्या अरुंद वाटेचा फडफडाट. वाट पुरती मिटली की आवाज बंद. म्हणून काकूचं कान देणं बरोबर होतं. आवाज नव्हे, आवाजातली खाली, म्हणजे रिकामी जागा, मोजायची.

जाड माणसांना हे जास्त होतं, पण आपल्याकडे अंगानं बेताच्या माणसांतही भरपूर सापडतं, कारण चेहऱ्याची आणि जबड्याची ठेवणच अनेकांची अशी असते. 'मी कुठे लठ्ठ आहे' म्हणून सुटका नाही.

आता श्वास बंद असतानाची ती ३० सेकंदं जरा जवळून पाहू, कारण हृदयाशी जे काही वाकडं घडतं ते सगळं तिथेच आहे.

घसा मिटला हे छातीला ठाऊक नसतं. छातीचे स्नायू आणि श्वासपटल हवा ओढतच राहतात. हे कसं वाटतं ते कळायला नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करा, क्षणभरच. (हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे करू नये.) बरगड्यांच्या आत काहीतरी खेचल्यासारखं होतं ना? छातीच्या पेटीत पोकळी तयार झाली, आणि त्याच पेटीत हृदय बसलेलं आहे. ती पोकळी हृदयालाही बाहेरून सगळीकडून ओढते. डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या मोठ्या कप्प्याला, आकुंचन पावताना या ओढीविरुद्ध जास्तीचं काम पडतं. तिची भिंत जाड, ती काही वर्षं सोसते. वरचा डावा कप्पा, अलिंद, पातळ भिंतीचा. तो ताणला जातो.

ताणलेल्या अलिंदाची एक गंमत आहे. गंमत म्हणावं की नाही कुणास ठाऊक, पण वर्गात मुलींना सांगितली की त्यांच्या वह्या बाजूला पडायच्या. अलिंदाच्या भिंतीला ताण बसला की तिला वाटतं, रक्त फार झालं, आता थोडं पाणी बाहेर काढलं पाहिजे. ती एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून अशी माणसं रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठतात. काकाही उठायचे. प्रोस्टेट असेल म्हणून दोन वर्षं त्याच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. प्रोस्टेट त्या वयात असतंही, नाही असं नाही, पण छातीतली ओढ कुणाच्या हिशेबातच नव्हती.

इकडे ऑक्सिजन उतरतोय, कार्बन डायऑक्साइड साचतोय. मानेतल्या मोठ्या रोहिणीपाशी भाताच्या दाण्याएवढं एक संवेदक असतं, ते मेंदूला घंटा वाजवतं. वाघ मागे लागल्यावर जी यंत्रणा चालू होते, सिंपथेटिक मज्जासंस्था, ती पूर्ण जोरानं चालू होते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. श्वास बंद असताना नाडी बहुधा मंदावलेली असते. मग मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात, वाट फाटकन उघडते, आणि जोरदार आवाजासकट हवा आत शिरते. नाडी उसळते. हृदय एकदम भरपूर रक्त बाहेर फेकतं आणि पुढच्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्याच असतात. बीपीचं शिखर गाठलं जातं ते या घटकेला, श्वास परतल्या परतल्या. जागेपणी ठीकठाक असलेल्या माणसाचं वरचं बीपी या क्षणी २००च्या पलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. सकाळी यातलं काही आठवत नाही, कारण ती जाग आठवणीत साठण्याइतकी लांब नसते. माणूस सांगतो, मला तर पडल्या पडल्या झोप लागते, झोपेचा काही प्रश्न नाही.

एका प्रसंगानं काही बिघडत नाही. प्रसंग मोजायला लागलो की पोटात गोळा येतो. काकांची झोपेची तपासणी घरीच झाली. छातीवर पट्ट्यानं बांधलेली डबी, नाकाशी बारीक नळी, बोटाला क्लिप. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. म्हणाले, "आजवर लोकांच्या घरी मीटर बसवले, आता मलाच मीटर लावून राहिलेत." दुसऱ्या दिवशी रीडिंग आलं, ४१. तासाला ४१ म्हणजे सात तासांच्या झोपेत २८७ वेळा. सर्वांत लांब खंड ५६ सेकंदांचा, काकूच्या भाषेत साडेतीन आवर्तनं. ऑक्सिजन, जो ९५च्या आसपास हवा, तो ७४पर्यंत उतरलेला.

त्या अहवालातला एक आलेख मी बराच वेळ बघत बसले. वरची रेघ नाकातल्या हवेची, ती मध्येच सपाट. तिच्या खालची छातीच्या हालचालीची, ती मात्र लाटा काढतेच आहे, उलट लाटा मोठ्या होत चालल्यात, दार ठोठावणाऱ्या माणसासारख्या. त्याखाली ऑक्सिजनची रेघ थोडी उशिरा उतरू लागते, कारण फुप्फुसातली खबर बोटापर्यंत रक्ताबरोबर पोचायला वेळ लागतो. तळाशी नाडी, आधी शांत, मग एकदम उभी. पान उलटलं की पुन्हा तेच. पुढचं पान, तेच.

ऑक्सिजन कमी असणं आणि ऑक्सिजन वरखाली होणं, यांत दुसरं जास्त वाईट. हे मी काकांना समजवायला गेले तर त्यांनीच मला समजावलं. "अगं, लाईट जाण्यानं मोटार जळत नसते. सारखी ये-जा झाली की जळते." अगदी तेच. ऑक्सिजन घटून पुन्हा भसकन परत आला की पेशींमध्ये अपायकारक रेणू तयार होतात. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. रक्तवाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड या अस्तरात बनतं, ते कमी पडू लागतं. बारीक सूज कायमची राहते, चरबीचे थर बसायला आयती जागा होते. साखर हाताळण्याची शरीराची ताकदही घटते. आणि सिंपथेटिकचा तो आवळ सकाळी दात घासण्याबरोबर उतरत नाही, दिवसभर शिल्लक राहतो. म्हणूनच बीपी नुसतं रात्रीचं न राहता दिवसाचंही होतं. एरवी झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतं. हृदयाला मिळणारी ती रोजची सुट्टी या माणसांना नसते.

एवढं उघड असताना डॉक्टर रात्र का विचारत नाहीत? माझं मत सांगते. हा आजार वैद्यकात फार उशिरा आला. घसा मिटून श्वास बंद पडतो हे १९६५मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी नोंदवलं, आणि 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियन गियेमिनो यांनी १९७०च्या दशकात रूढ केलं. आज साठीत असलेल्या डॉक्टरांना शिकवणाऱ्यांच्या पुस्तकात तो जेमतेम एक परिच्छेद असणार. शिवाय हृदय एका खोलीत, फुप्फुस दुसऱ्या खोलीत, घसा तिसऱ्या. रात्र कुणाच्याच खोलीत नाही. २०२३मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशातली आधीची सर्वेक्षणं एकत्र करून अंदाज मांडला की कामकरी वयाच्या सुमारे १०.४ कोटी भारतीयांना झोपेतल्या श्वासरोधाचा हा त्रास असावा. तरी ओपीडीत 'तुमच्याशेजारी कोण झोपतं, त्यांना बोलवा' असं म्हणणारा डॉक्टर मला आजवर एकदाच भेटलाय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेकडो नोकरदार माणसांना वर्षानुवर्षं तपासण्यात आलं. त्यातून २०००मध्ये असं दिसलं की ज्यांचा एएचआय १५ किंवा जास्त होता, त्यांच्यात चार वर्षांनी उच्च रक्तदाब असण्याची शक्यता जवळजवळ तिपटीनं जास्त होती. तीन गोळ्यांना दाद न देणारं बीपी असेल, त्यांतली एक लघवी वाढवणारी असेल, आणि गोळ्या खरोखर पोटात जात असतील, तर झोप तपासलीच पाहिजे. काका नेमके या दाराशी उभे होते.

दुसरी गोष्ट ठोक्यांची. ताणलेलं अलिंद पुढे पुढे थरथरायला लागतं, नाडीची लय सुटते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि त्या थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की पक्षाघात. अशा रुग्णांना कधी कधी विजेचा झटका देऊन लय परत आणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००३मध्ये पाहिलं, की ज्यांच्या ॲप्नियावर उपचार झाले नव्हते त्यांपैकी ८२ टक्क्यांची लय वर्षभरात पुन्हा बिघडली, उपचार झालेल्यांत ४२ टक्क्यांची. अभ्यास लहान होता, आकडे तसेच घ्यायचे. त्यांच्याच २००५च्या एका अभ्यासातली गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. हृदय अचानक बंद पडून जाणारी माणसं सहसा सकाळी, उठल्यानंतरच्या तासांत जातात. पण ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात गेली होती. ॲप्निया नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. झोपेत गेले, पुण्यवान माणूस, असं आपण म्हणतो. मला आता ते वाक्य ऐकलं की शेजारी कोण झोपत होतं ते विचारावंसं वाटतं, आणि मी विचारत नाही.

बाण उलटाही जातो. हृदय थकलेलं असेल तर दिवसभर पायांत पाणी उतरतं. रात्री आडवं झालं की ते गुरुत्वाचं पाणी पायांत कशाला थांबेल? ते वर सरकतं, काही मानेच्या भागात साचतं आणि घसा आणखी अरुंद होतो. शिवाय थकल्या हृदयाच्या रुग्णांत वेगळ्याच जातीचा ॲप्नियाही होतो, ज्यात घसा उघडा असतो पण मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायचा विसरतो. श्वास वाढत वाढत जातो, मग घटत घटत थांबतो, पुन्हा वाढतो. डब्लिनच्या जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स यांनी १९व्या शतकातच हे टिपलं होतं, त्यांचंच नाव त्या श्वासाला आहे. या जातीचा उपचार वेगळा आणि जपून करायचा असतो. अशक्त हृदयाच्या रुग्णांवर हवेच्या दाबानं श्वासाला मदत करणारं एक हुशार समजलं जाणारं यंत्र वापरून पाहिलं, तर हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले २०१५मध्ये दिसले. तेव्हा शेजाऱ्याचं यंत्र उसनं आणून लावायचं नाही, एवढं पक्कं.

घसा मिटण्यावरचं नेहमीचं यंत्र म्हणजे सीपॅप. १९८१मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरच्या मोटारीतून नाकावर हवेचा सतत दाब देऊन पाहिला आणि वर्षानुवर्षं न झोपलेली माणसं शांत झोपली. यात ऑक्सिजन नसतो. हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता वैताग येतो. ती खोलीतलीच हवा, फक्त जरा दाबानं. ती घशाच्या नळीला आतून टेकू देते, फुगवलेल्या ट्यूबसारखी. काकांनी पहिल्या रात्री मास्क लावला तर नातू म्हणाला, "आजोबा, गणपती!" पहिला आठवडा वाईटच गेला. नाक कोरडं पडलं, पट्ट्याचे वळ उठले, दोन वाजता झोपेतच काढून फेकला. मग मास्कचं माप बदललं, पाण्याची टाकी जोडली, आणि काकांनी दुपारी टीव्हीसमोर बसून तो लावायचा सराव केला. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाली, घरात इतकी शांतता की मला झोप येईना.

इथे एक कबुली द्यायला हवी, कारण यंत्र विकणारे ती देत नाहीत. मास्क लावला की हार्ट ॲटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता अशा, सात देशांतल्या २७१७ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१६मध्ये आला. निम्म्यांना सीपॅप, निम्म्यांना नाही. जवळपास चार वर्षांनी पाहिलं तर झटके, पक्षाघात, मृत्यू वगैरेंचं प्रमाण सीपॅप गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.४ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबानं फरक नाहीच. डॉक्टर मंडळी हिरमुसली. पण त्या अभ्यासात मास्क वापरला गेला सरासरी ३.३ तास. पहिल्या झोपेला लावायचा आणि दोनला काढून टाकायचा, काकांसारखाच. स्वप्नांची झोप जास्त करून पहाटेकडे असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि अनेकांचे खंड तेव्हाच सर्वांत लांब होतात. छत्री पावसाच्या आधी उघडून पाऊस आला तेव्हा मिटली, असं काहीसं. शिवाय दिवसा फार झोप येणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि नुकसान वीस वर्षं झाल्यावर चार वर्षांत किती भरून निघणार? हे माझे तर्क झाले, तज्ज्ञांतही यावर वाद आहेत. त्याच अभ्यासात घोरणं, दिवसाची झोप आणि मनाची उदासी मात्र स्पष्ट कमी झाली होती. हट्टी बीपीच्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या २०१३च्या अभ्यासात तीन महिन्यांत २४ तासांचं सरासरी बीपी सुमारे ३ अंकांनी उतरलं. तीन अंक ऐकायला काहीच नाहीत. बीपीच्या जगात मात्र तेही पदरात पाडून घेण्यासारखे असतात. काकांची एक गोळी डॉक्टरांनी सहा महिन्यांनी कमी केली, दोन चालू आहेत, आणि रात्री लघवीला एकदाच उठतात. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायचा मोह त्यांनाही झाला होता. काकूनं डबा आपल्या कपाटात ठेवला.

वजनाचा आणि ॲप्नियाचा संबंध थेट आहे. त्याच विस्कॉन्सिनच्या माणसांत वजन १० टक्क्यांनी उतरलं की एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरत होता. हल्ली गाजणारं टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठ माणसांच्या मध्यम आणि तीव्र ॲप्नियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मंजूर झालं. ग्वाल्हेरात वजन कमी करणं म्हणजे थंडीत गजक आणि रविवारी सकाळी बेडई-जिलबी यांच्याशी वैर घेणं. काकांनी बेडई सोडली नाही, रात्रीचं जेवण साडेसातवर आणलं, सहा किलो उतरले. कुशीवर झोपण्यासाठी काकूनं जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं झालं की टोचतो. सौम्य दुखण्यात एवढ्यानंही फरक पडतो. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टीही मिळते. रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र घसा आणखी सैल करतात.

आणि शंख. हसू नका. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला एक छोटा प्रयोग २०२५मध्ये छापून आला. आठवड्यातून पाच दिवस, निदान पंधरा मिनिटं, सहा महिने शंख फुंकणाऱ्यांचा एएचआय तासाला चार-पाचांनी उतरला आणि दिवसाची पेंग कमी झाली. घशाच्या स्नायूंची तालीम झाली, दुसरं काय. ४१वाल्यानं शंखावर विसंबू नये, पण देवघरातला शंख नुसता धूळ खात असेल तर फुंकायला हरकत काय?

कुणी तपासून घ्यावं? मोठ्यानं घोरणं, दिवसा पेंग, शेजारच्यानं पाहिलेला श्वासाचा खंड, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, पन्नाशी ओलांडलेली, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं, या आठांतल्या तीन गोष्टी जुळल्या तरी विचारून घ्यावं. गळ्याचा घेर शिंप्याला पाठ असतो. काकांची कॉलर दहा वर्षांत साडेपंधरा इंचांवरून सतरावर गेली होती. पेंग कशी ओळखायची? तानसेन समारोहात पहिल्या रांगेत बसून, आवडत्या गायकाचा ख्याल चालू असताना, काका दोन वर्षं लागोपाठ झोपले होते. आम्ही ते वयावर घातलं. आग्र्याच्या रस्त्यावर गाडी चालवताना तसं झालं असतं तर वयावर घालता आलं नसतं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर दिवसा बोटाला लावून ९८ बघण्यात अर्थ नाही. जागेपणी घसा उघडाच असतो.

बायकांचं निदान याहूनही जास्त निसटतं. पाळी गेल्यानंतर त्यांचाही धोका वाढतो, पण त्या गडगडाट करून घोरतीलच असं नाही. झोप लागत नाही, सकाळी डोकं जड, अंगात त्राण नाही, चिडचिड, अशा तक्रारी घेऊन येतात आणि थायरॉइड, रक्त, टेन्शन, या क्रमानं फिरत राहतात. काकूचंही सकाळचं डोकं जड असायचं. आम्ही सगळे म्हणायचो, काकांच्या घोरण्यानं तिला झोप मिळत नाही, दुसरं काय होणार.

काल रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. आवाज दबका. "अगं, मला हल्ली पहाटे जाग येते, मास्कची सवय म्हणून असेल. ही घोरते. बारीक, पण घोरते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि परवा थांबली होती. मी मोजल्या. अकरा मात्रा."